एक रचना, दोन नोंदी : नारायणगावातला कामाचा दिवस

सकाळी ६.००

ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली की आमच्या भागात सकाळ लवकर होते. चहा उकळायच्या आत बागायतदारांचे निरोप येऊन पडलेले असतात. विचारणा एकच, "ताई, यंत्र कधी बसवताय?" जुन्नर तालुक्यात शरद सीडलेस आणि जंबो या काळ्या द्राक्षांच्या बागा आहेत. छाटणीनंतरच्या कोवळ्या फुटीवर डाऊनी हा रोग येतो, आणि त्याला ओलं पान लागतं. आमचं यंत्र बागेत खांबावर बसतं. तापमान, आर्द्रता आणि पाऊस मोजतं, पान किती तास ओलं राहिलं त्याची नोंद ठेवतं आणि फोरजी मोडेमवरून ती पाठवतं. ती नोंद बरोबर असली, तर कोणती फवारणी गरजेची आणि कोणती टाळता येईल हे शेतकऱ्याला ठरवता येतं. फवारणीचा पैसा त्याच्या खिशातून जातो, म्हणून आमची नोंद चुकून चालत नाही.

कंपनी पुण्यात आहे, मी नारायणगावात घरून काम करते. यंत्राच्या सॉफ्टवेअरचा अगदी तळचा थर माझ्याकडे आहे. लिनक्सचा कर्नल, त्याच्यावरची सी लायब्ररी आणि या दोघांच्या मध्ये उभ्या असलेल्या हेडर फाइली.

सकाळी ७.००

रात्री बिल्ड लावून ठेवला होता. लॅपटॉप उघडला तर तो मध्येच थांबलेला. कंपायलर सांगतोय, 'स्ट्रक्ट सिसइन्फो'ची व्याख्या दुसऱ्यांदा आली आहे, आधीची अमुक फाइलमध्ये आहे.

कारण अनपेक्षित नाही. यंत्रातली फ्लॅश फक्त १६ एमबीची. आतापर्यंतची ग्लिबसी ही सी लायब्ररी त्यात अवघडून बसत होती, म्हणून या आवृत्तीपासून आम्ही मसल नावाची छोटी लायब्ररी घेतली. रिच फेल्कर यांनी २०११ मध्ये ती पहिल्यांदा बाहेर आणली. ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची लिनक्सही तिच्यावरच चालते. लायब्ररी बदलली की कर्नलच्या हेडरशी तिचं कुठे पटत नाही ते वर येतं. आज तेच आलं आहे.

सकाळी ८.००

घोडेगावहून काम करणारा आमचा तरुण सहकारी फोनवर येतो. कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला आहे. त्याला मुळापासून समजावून सांगायला मला आवडतं, कारण सांगताना माझंही डोकं स्वच्छ होतं.

सी भाषेतला प्रोग्राम यंत्राची मेमरी किती उरली, यंत्र किती वेळ चालू आहे असं काही विचारतो, तेव्हा तो लायब्ररीच्या फंक्शनला हाक मारतो. लायब्ररी ती हाक कर्नलपर्यंत नेते. कर्नल उत्तर एका ठरलेल्या मांडणीत मेमरीत लिहितो. पहिले चार बाइट अमुक, पुढचे चार तमुक. ती मांडणी म्हणजे स्ट्रक्ट. प्रोग्राम आणि कर्नल दोघांनीही ती एकसारखी वाचली पाहिजे, आणि त्यासाठी ती हेडर फाइलीत लिहिलेली असते.

अडचण अशी की ही मांडणी दोन ठिकाणी लिहिलेली असते. कर्नल आपली हेडरं स्वतः देतो, त्यांची नावं 'लिनक्स/' ने सुरू होतात. लायब्ररीही आपली देते. 'सिस/', 'नेट/', 'नेटइनेट/' अशा नावांची. शेतजमिनीचा सातबारा तलाठ्याकडे असतो आणि मोजणीचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात. जमीन एकच, नोंदी दोन. प्रोग्रामच्या एकाच फाइलीने दोन्ही हेडरं मागितली की कंपायलरपुढे दोन नोंदी येतात, आणि तो अडतो.

"पण ताई, दोन्हींत तेच लिहिलेलं असेल तर?" तो विचारतो.

प्रश्न चांगला आहे. जुन्या सी भाषेत शब्द न् शब्द सारखा असला तरी एकाच ठिकाणी दोन व्याख्या चालत नाहीत. सी२३ या नव्या मानकाने ती मुभा दिली, आणि २०२५ साली आलेला जीसीसी १५ हा कंपायलर तेच मानक मुळात धरून चालतो. पण मजकूर खरोखर जुळला तरच. कर्नलचा ६४ बिटांचा पूर्णांक बहुतेक यंत्रांवर 'लाँग लाँग' असतो. ६४ बिटांच्या यंत्रावर लायब्ररीचा तेवढाच पूर्णांक नुसता 'लाँग' असतो. आकार एक, प्रकार वेगळा, त्यामुळे नवं मानकही तिथे मदतीला येत नाही. आमच्या सिसइन्फोत तर आकारही एक नाही. मसलने शेवटी २५६ बाइटांची राखीव जागा ठेवली आहे, कर्नलने तेवढी ठेवलेली नाही.

सकाळी ९.३०

आता शोध. व्याख्या कुठून आली हे अंदाजाने ठरवायचं नाही, कंपायलरलाच विचारायचं. जीसीसीला मोठ्या 'एच'चा पर्याय दिला की तो कोणत्या फाइलने कोणती फाइल ओढली त्याची उतरंड छापतो. जितके टिंब जास्त, तितकी फाइल खोलवर.

उतरंडीत वाट दिसते. आमची एक फाइल मोडेमचा दुवा तुटला की जोडला हे कळावं म्हणून 'लिनक्स/नेटलिंक.एच' घेते. नेटलिंक 'लिनक्स/कर्नल.एच' घेतो. कर्नल.एच 'लिनक्स/सिसइन्फो.एच' घेतो. आणि आमच्याच फाइलीच्या डोक्यावर लायब्ररीचं 'सिस/सिसइन्फो.एच' आहे, कारण उरलेली मेमरी मोजायची असते. नेटलिंकला सिसइन्फोशी काही देणंघेणं नाही. त्याला हवा होता एक छोटा मॅक्रो, आकडा ठरावीक पटीत वर नेऊन बसवणारा. तो मॅक्रो कर्नल.एचमध्ये राहत होता, म्हणून सगळा कुटुंबकबिला मागे आला.

ग्लिबसीवर हे कधी टोचलं नाही. तिचं सिसइन्फो हेडर आपली व्याख्या लिहीतच नाही, ते सरळ कर्नलचं हेडर ओढतं. मसल आपली हेडरं कर्नलपासून स्वतंत्र ठेवते. दोन्ही धोरणांना आधार आहे. पहिल्यात व्याख्या एकच राहते. दुसऱ्यात कर्नलच्या हेडरांशिवायही प्रोग्राम कंपाईल होतो आणि लायब्ररीचं वागणं कर्नलच्या आवृत्तीप्रमाणे बदलत नाही.

सकाळी ११.००

या भांडणाचा इतिहास जुना आहे, आणि तो माहीत असला की उपाय निवडणं सोपं जातं.

एके काळी लोक '/यूएसआर/इन्क्लूड/लिनक्स'ची लिंक सरळ कर्नलच्या सोर्सकडे वळवत. २००० साली लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतः सांगितलं की असं करू नका, लायब्ररी ज्या हेडरांनी बांधली गेली तीच तिथे असू द्या. २००६ मध्ये कर्नल २.६.१८ सोबत 'हेडर्स इन्स्टॉल' ही सोय आली. कर्नलच्या आतला मजकूर गाळून, बाहेरच्या प्रोग्रामला लागेल तेवढीच हेडरं ती काढून देते. २०१२ च्या डिसेंबरात कर्नल ३.७ आला, तेव्हा डेव्हिड हॉवेल्स यांच्या कामातून बाहेरची हेडरं 'यूएपीआय' या वेगळ्या फोल्डरात गेली. कर्नलने बाहेरच्यांना दिलेला शब्द कोणता आणि त्याचा खासगी कारभार कोणता, हे प्रथमच फोल्डरच्या नावावरून कळू लागलं.

पुढच्या वर्षी, कर्नल ३.१२ मध्ये, 'लिबसी-कंपॅट.एच' आलं. लायब्ररीने आधीच व्याख्या दिली असेल तर कर्नलने आपली मागे घ्यायची, ही त्यातली कल्पना. ती राबवली जाते खुणांनी. अमुक खूण शून्य असली की कर्नलचं हेडर त्या स्ट्रक्टपुरतं गप्प बसतं. ग्लिबसीला ते तिच्या नावाच्या मॅक्रोवरून ओळखतं. मसलने मात्र स्वतःच्या नावाचा मॅक्रो मुद्दाम ठेवलेला नाही. प्रोग्रामने लायब्ररीचं नाव विचारू नये, हवी ती सोय आहे का ते तपासावं, असा तिचा आग्रह आहे. म्हणून ती खुणा स्वतःच लावते. तिच्या 'नेटइनेट/इन.एच'मध्ये आणि इथरनेटच्या हेडरमध्ये त्या दिसतात.

यातून रोज पाळायचा एक नियम निघतो. आधी लायब्ररीची हेडरं, मग कर्नलची. उलटा क्रम लावला तर कर्नल आधीच बोलून गेलेला असतो, आणि मागून येणारी लायब्ररी बहुतेक ठिकाणी काही न पाहता आपलं म्हणणं पुन्हा मांडते.

आमच्या सिसइन्फोसाठी अशी खूणच नाही, त्यामुळे इथे क्रम लावून भागणार नाही.

दुपारी १२.३०

घोडेगावचा फोन पुन्हा. तो उपाय घेऊन आलाय. "टूलचेनमधल्या मसलच्या हेडरमधून ती व्याख्याच काढून टाकतो. किंवा नेटलिंक घेण्याआधी सिसइन्फोचं नाव बदलणारा मॅक्रो लावतो, नंतर तो काढतो. दोन ओळींचं काम आहे."

पहिला उपाय मी लगेच बाजूला ठेवते. टूलचेनमध्ये, म्हणजे कंपायलर आणि लायब्ररीच्या संचात, हाताने केलेला बदल त्याच्याच लॅपटॉपवर राहील. मंचरला आमच्या यंत्रांची चाचणी करणाऱ्या सहकाऱ्याकडे तो नसेल, आणि पुढच्या वेळी टूलचेन नव्याने बांधली की नाहीसाही होईल.

दुसरा उपाय तसा मानाचा आहे. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ग्लिबसी २.४१ ने शेड्युलिंगची दोन नवी फंक्शनं दिली. त्यांच्यासाठी कर्नलचं एक हेडर आत घेताना तिने हीच युक्ती वापरली, कारण जुन्या कर्नलच्या त्या हेडरात एक नको असलेली व्याख्याही होती. पण लायब्ररी ते आपल्या दारात, एकाच जागी करते आणि निभावते. प्रोग्रामच्या प्रत्येक फाइलीत आपण असे मुखवटे चढवत गेलो, तर नंतर वाचणाऱ्याला खरं नाव कुठलं हेच कळणार नाही.

"मग बदल करायचा कुठे?" तो विचारतो. या पेशातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मला हाच वाटतो. तक्रार जिथे दिसते तिथेच दोष असेल असं नसतं. दोष आहे कर्नलच्या हेडरमध्ये. नेटलिंकने एका मॅक्रोसाठी नको ते ओढून आणलं. म्हणून दुरुस्तीही तिथेच व्हायला हवी.

ती दुरुस्ती जगात झालेली आहे. २०२० च्या अखेरीस पेत्र व्होरेल यांचा पॅच कर्नलमध्ये गेला आणि ५.११ सोबत बाहेर पडला. मॅक्रो कर्नल.एचमधून उठून 'लिनक्स/कॉन्स्ट.एच'मध्ये गेला, नेटलिंक आता तेवढंच घेतो, आणि कारण म्हणून मसलचाच सिसइन्फोचा तंटा लिहिलेला आहे. आमच्या चिपसोबत आलेला कर्नल त्याआधीचा आहे. तेव्हा आज नवा शोध लावायचा नाही. तो पॅच जुन्या हेडरांवर नीट बसवायचा आहे.

दुपारी १.३०

जेवण. बाजरीची भाकरी आणि मेथी. बाहेर महामार्गावर टोमॅटोच्या क्रेट भरलेल्या पिकअप नारायणगावच्या बाजाराकडे चालल्यात.

इथून जवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना, चौदा मध्यभागी आणि सोळा तीन दिशांना पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली ही दुर्बीण २००२ पासून जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना खुली आहे. आमच्या भागातल्या शाळकरी मुलांना ती विज्ञान दिनामुळे ठाऊक असते. २८ फेब्रुवारीच्या सुमारास तिथे प्रदर्शन भरतं आणि एसटी भरभरून मुलं जातात. मीही शाळेतून गेले होते.

या पेशात आल्यावर तिची दुसरी बाजू कळली. त्या अँटेनांचे सिग्नल एकत्र करण्याचं काम पूर्वी खास बनवलेल्या हार्डवेअरवर होई. तिथल्या लोकांनी बाजारात मिळणाऱ्या लिनक्स संगणकांच्या जाळ्यावर ते सॉफ्टवेअरमध्ये, सिग्नल येत असतानाच करून दाखवलं. २०१० मध्ये त्यावरचा शोधनिबंध छापून आला. संगणकातलं कार्ड आकडे देतं, कार्डाचा ड्रायव्हर कर्नलमध्ये असतो, गणित करणारा प्रोग्राम बाहेर. असं काम जिथे जिथे होतं तिथे या दोघांना एकाच हेडरवर विसंबावं लागतं. मग तो दूरच्या पल्सारचा सिग्नल असो की द्राक्षाच्या पानावरची ओल. माझ्या गावाशेजारी हे घडलं याचा मला अभिमान आहे.

दुपारी २.३०

पॅच बसवला. हेडर्स इन्स्टॉल पुन्हा चालवलं, टूलचेन नव्याने बांधली. सिसइन्फोची तक्रार गेली आणि तिच्यामागे दडलेली दुसरी पुढे आली. 'स्ट्रक्ट टीसीपीएचडीआर'ची दोन वेळा व्याख्या.

ही वेगळ्या जातीची आहे. डोंगराकडच्या गावांत, डिंभे धरणाच्या वरच्या बाजूला, फोरजीची रेंज येते-जाते. माहिती पाठवताना किती पाकिटं पुन्हा धाडावी लागली हे आम्ही मोजतो, म्हणजे मोडेम बदलायचा की अँटेना उंच करायची ते ठरतं. ही आकडेवारी कर्नल 'टीसीपी इन्फो' या स्ट्रक्टमध्ये देतो. त्याची यादी कर्नल वाढवत गेला, पण ग्लिबसीच्या 'नेटइनेट/टीसीपी.एच'मध्ये बरीच वर्षं जुनीच छोटी यादी राहिली. नवे रकाने हवेत म्हणून आमच्या प्रोग्रामने 'लिनक्स/टीसीपी.एच'ही घेतलं होतं. ही दोन हेडरं एका फाइलीत नांदत नाहीत.

इथे चूक कोणाचीच धरता येत नाही आणि पॅचही नाही. म्हणून मी जुना, खात्रीचा मार्ग घेते. वेगळी छोटी फाइल. तिच्यात टीसीपीचं हेडर फक्त कर्नलचं. सॉकेटसाठी लायब्ररीचं साधं हेडर, ज्याच्याशी भांडण नाही. फाइलीत एकच फंक्शन, आणि ते बाहेर देतं साधे पूर्णांक. पुन्हा धाडलेली पाकिटं आणि जाऊन-येऊन लागलेला वेळ. उरलेल्या प्रोग्रामला कर्नलच्या स्ट्रक्टचं तोंडही पाहावं लागत नाही. उद्या ग्लिबसी बदलो, मसल बदलो, नाहीतर कर्नल यादी वाढवो, ही फाइल उभी राहील.

ही काळजी उगाच नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ग्लिबसी २.३६ आली तेव्हा 'सिस/माउंट.एच' आणि 'लिनक्स/माउंट.एच' एकमेकांवर आदळली, आणि क्यूईएमयूसारखा मोठा प्रकल्पही त्यात सापडला. फाइलसिस्टिमच्या नव्या सिस्टिम कॉलांसाठी लायब्ररीने व्याख्या आणल्या, त्या कर्नलच्या हेडरात आधीच होत्या. लायब्ररी सुधारली की जगभरचे जुने प्रोग्राम कसे थांबू शकतात, ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

दुपारी ४.३०

बिल्ड पार पडला. आता ज्या चुकांवर कंपायलर बोलत नाही त्या तपासायच्या. या वेळेला मी फोन बंद ठेवते.

दोन व्याख्या एकाच फाइलीत भेटल्या तर कंपायलर ओरडतो, आणि ते आपलं नशीब. त्या दोन वेगळ्या फाइलींत असल्या, एक कर्नलमध्ये आणि एक प्रोग्राममध्ये, तर कोणी ओरडत नाही. कर्नल १६ बाइट लिहितो, प्रोग्राम २४ वाचतो, आणि बागेतलं तापमान एके रात्री काहीही दाखवू लागतं.

याचं सगळ्यात मोठं कारण वेळ. आमची चिप ३२ बिटांची. ३२ बिटांतली सेकंदांची मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपते. कर्नल ५.१ ने २०१९ मध्ये ३२ बिटांच्या यंत्रांसाठी ६४ बिटांच्या वेळेचे सिस्टिम कॉल दिले. मसल १.२ ने २०२० मध्ये सगळीकडे मोठी वेळ घेतली. ग्लिबसी २.३४ ने २०२१ मध्ये ती निवडीवर ठेवली. यात कुणी एक जण मागे राहिला की वेळ असलेल्या स्ट्रक्टचा आकार दोन बाजूंना दोन होतो.

म्हणून आमच्या सेन्सरच्या ड्रायव्हरचं हेडर आम्ही कडक नियमाने लिहितो. लायब्ररीचा वेळेचा प्रकार त्यात वापरायचा नाही. सेकंद ठरीव ६४ बिटांत, नॅनोसेकंद ठरीव ३२ बिटांत, आणि उरलेले चार बाइट रिकामे म्हणून स्पष्ट लिहायचे. ते लिहिले नाहीत तर आर्मवर कंपायलर स्वतः रिकामी जागा सोडतो आणि जुन्या ३२ बिटांच्या इंटेलवर सोडत नाही. शेवटी आकार तपासणारी एक ओळ. आकार ठरल्याबरहुकूम नसेल तर बिल्ड तिथेच थांबतो. आज मसलवरही आकार तोच निघाला.

संध्याकाळी ६.००

मंचरच्या चाचणी टेबलावरचं यंत्र नव्या बिल्डवर चालू झालं. नेटलिंकची खबर येते, मेमरीचा आकडा बरोबर, पाकिटांची मोजणी चालू. मोडेमची वायर काढून पुन्हा जोडायला सांगितली, तेही यंत्राने ओळखलं.

पॅचचं टिपण लिहायला मी स्वतः बसते. कोणत्या दोन हेडरांत तंटा होता, कोणत्या वाटेने व्याख्या आत आली, मूळ दुरुस्ती कर्नलच्या कोणत्या आवृत्तीत आहे, आणि ५.११ किंवा पुढचा कर्नल घेतला की हा पॅच काढून टाकायचा, हे सगळं त्यात आहे. तेच टिपण चिप बनवणाऱ्यांकडेही पाठवते. त्यांची चिप वापरणाऱ्या दुसऱ्या कोणाला माझ्यासारखी उतरंड मोजत बसावं लागू नये.

घोडेगावचा सहकारी टिपण वाचून म्हणतो, "ताई, बदल इतका छोटा आणि टिपण केवढं!" मी त्याला सांगते, बदल कोणीही वाचून समजेल, तो इथेच का केला हे मात्र लिहिल्याशिवाय कळत नाही.

संध्याकाळी ७.३०

दिवसाचं शेवटचं काम, उद्याची यादी. ओतूर आणि राजुरीकडच्या बागांतली यंत्रं आधी. तिथे छाटणी लवकर आहे. आमच्याकडे शेतीपंपाची थ्री-फेज वीज पाळीने येते, आणि रात्रपाळी असली की उसाच्या कडेच्या वाटेने पाणी द्यायला जाताना बिबट्याची धास्ती असते. पानांच्या ओलीचा आकडा फोनवर दिसला, तर निदान बाग बघायला अंधारात जावं लागत नाही.

तो आकडा फोनवर येण्याआधी सेन्सर, ड्रायव्हर, कर्नल, लायब्ररी आणि आमचा प्रोग्राम अशा पाच हातांतून जातो. हे हात लिहिणारी माणसं एकमेकांना कधी भेटलेली नाहीत, भेटणारही नाहीत. त्यांच्यात बोलणं होतं ते हेडर फाइलीतून, आणि म्हणून तिथली प्रत्येक ओळ शब्द पाळल्यासारखी पाळावी लागते. नव्या सहकाऱ्याला मी उद्या पहिलं काम तेच देणार आहे. ड्रायव्हरच्या हेडरातल्या प्रत्येक रकान्यासमोर त्याचा आकार, त्याचं एकक आणि त्याची व्याख्या कोणाच्या ताब्यात आहे ते लिहून काढ.